रात्रीचे रक्त, दिवसाचे रक्त : परदेशातून परतलेल्यांच्या डोळ्यांतील जंतांविषयी

वर्धा जिल्हा महाराष्ट्रातील हत्तीरोगप्रवण जिल्ह्यांपैकी एक असल्यामुळे, पुलगाव–आर्वी मार्गावरील रोहणा आणि त्याच्या आसपासच्या गावांना रात्री उशिरा दाराशी येऊन बोटाला सुई टोचणारा व काचपट्टीवर रक्ताचे थेंब घेणारा आरोग्य कर्मचारी नवा नाही, तसेच मोहिमेच्या दिवशी समक्ष गिळायला लावल्या जाणाऱ्या गोळ्याही नव्या नाहीत. या दोन्ही प्रथांमागे एका विशिष्ट जंताचा स्वभाव आहे. वुचेरेरिया बॅन्क्रॉफ्टी हा हत्तीरोगाचा जंत क्युलेक्स डासावाटे पसरतो. त्याची मायक्रोफायलेरिया नावाची सूक्ष्म पिल्ले दिवसा फुप्फुसांतील रक्तवाहिन्यांत दडून राहतात आणि डास चावण्याच्या वेळी, म्हणजे साधारण रात्री १० ते २ या वेळात, कातडीजवळच्या रक्तात येतात. याच घराण्यातील दुसरा एक जंत मात्र अगदी उलट वागतो: तो भारतात पसरत नाही, आफ्रिकेतून परतलेल्या माणसाबरोबर येतो, त्याची पिल्ले दिवसा कातडीजवळच्या रक्तात आणि रात्री फुप्फुसांत असतात, आणि प्रौढ जंत कधी कधी थेट डोळ्याच्या पांढऱ्या भागावरून सरकताना दिसतो. रात्रीच्या रक्ताला आणि हत्तीरोगाच्या गोळ्यांना सरावलेल्या जिल्ह्यात अशा रुग्णाची दोन्हीकडून फसगत होऊ शकते, कारण रात्रीच्या रक्तात त्याचा जंत सापडत नाही आणि शेजाऱ्याला उपकारक ठरणाऱ्या गोळ्या त्याच्या जिवावर बेतू शकतात.

हा धोका कोणाला असतो, हे आधी नेमके समजून घेणे इष्ट ठरते. लोआ लोआ या नावाने ओळखला जाणारा हा जंत पश्चिम आणि मध्य आफ्रिकेच्या पर्जन्यवनांत, म्हणजे कॅमेरून, गॅबन, विषुववृत्तीय गिनी, काँगोची दोन्ही राष्ट्रे, मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक, नायजेरियाचा दक्षिण भाग आणि अंगोलाचा उत्तर भाग, तसेच चाड व दक्षिण सुदानचा काही प्रदेश एवढ्या पट्ट्यातच आढळतो. केनियातील अभयारण्य पाहून आलेल्या पर्यटकाला किंवा दुबई, मस्कत येथे नोकरी केलेल्या कामगाराला त्याची भीती बाळगण्याचे कारण नाही. रस्ते, लाकूड, तेल आणि खाणी यांच्या कामासाठी त्या पट्ट्यात महिनोन्‌महिने राहिलेले तंत्रज्ञ व मजूर, संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतून काँगो किंवा दक्षिण सुदान येथे सेवा बजावून आलेले भारतीय जवान, धर्मसंस्था व स्वयंसेवी संस्थांच्या कामासाठी तेथील खेड्यांत राहिलेली माणसे आणि त्यांची कुटुंबे यांनी मात्र पुढील मजकूर काळजीपूर्वक वाचावा. ज्या जिल्ह्यात पुलगावसारखी मोठी लष्करी वस्ती आहे तेथे असा वाचक अपवादात्मक म्हणता येणार नाही. मुक्काम जितका लांबतो तितका धोका वाढतो, पण थोड्या दिवसांच्या मुक्कामानंतरही लागण झाल्याच्या नोंदी आहेत.

लोआचा प्रसार क्रायसॉप्स नावाच्या माशीमुळे होतो, जी आपल्याकडे जनावरांना हैराण करणाऱ्या गोमाशीच्या जातकुळीतील आहे. ती दिवसा चावते, झाडांच्या शेंड्यांवरून खाली येते, आणि माणसांच्या हालचालीने व लाकडाच्या धुराने ओढली जाते, त्यामुळे जंगल तोडून जेथे छावणी पडते आणि चूल पेटते तेथे तिचा उपद्रव अधिक असतो. माशीच्या चाव्यातून शिरलेली अळी कातडीखाली वाढून प्रौढ होते. मादी ४ ते ७ सेंटिमीटर लांब आणि सुमारे अर्धा मिलिमीटर जाड, म्हणजे शिवणाच्या दोऱ्यासारखी असते, तर नर त्याहून आखूड असतो. हे जंत एका जागी वस्ती करत नाहीत, तर कातडीखालून सतत फिरत राहतात, आणि त्यांचे आयुष्य १७ वर्षांपर्यंत किंवा त्याहूनही अधिक असू शकते. रक्तात पिल्ले दिसू लागण्यासही लागणीनंतर किमान पाच-सहा महिने लागतात. म्हणून नोकरी सोडून परतलेल्या माणसाला गावात दहा वर्षे काढल्यावर पहिले लक्षण दिसले, तरी त्यात वैद्यकीयदृष्ट्या नवल नाही. ‘ते तर फार जुने झाले’ असे म्हणून प्रवासाचा उल्लेख गाळणे हीच येथे मोठी चूक ठरते.

लक्षणे बहुधा दोन प्रकारची असतात. पहिल्या प्रकारात मनगट, कोपर, हात किंवा डोळ्याभोवती अचानक लाल न होणारी, खाजणारी सूज येते, काही तासांपासून काही दिवसांपर्यंत टिकते, मग आपोआप ओसरते आणि काही आठवड्यांनी दुसरीकडे उठते. नायजेरियातील कालाबार या बंदरशहरावरून तिला कालाबार सूज म्हणतात. दुसऱ्या प्रकारात जंत डोळ्याच्या पांढऱ्या भागावरील पातळ पारदर्शक पापुद्र्याखाली, म्हणजे नेत्रश्लेष्मलेखाली येतो, आणि तो एका कडेकडून दुसरीकडे सरकत असताना रुग्णाला खुपणे, खाज, पाणी येणे, लाली आणि ‘डोळ्यात काही तरी चालते आहे’ अशी स्पष्ट जाणीव होते. हा प्रवास कधी काही मिनिटांत आटोपतो. रुग्ण घाबरून दवाखान्यात पोहोचेपर्यंत जंत पापणीकडे किंवा डोळ्याच्या मागील भागाकडे निघून गेलेला असतो, आणि तपासणाऱ्याला साधा लाल डोळा दिसतो. हा जंत दिसायला भयंकर असला तरी पांढऱ्या भागावरून जाताना सहसा दृष्टी हिरावून घेत नाही, हे कुटुंबीयांनी लक्षात ठेवावे, म्हणजे घाबरेपणातून होणारे उपचार टळतात.

या रोगाचा लिखित इतिहासच परतलेल्या, किंवा अधिक खरे सांगायचे तर नेलेल्या, माणसांचा आहे. १७७० मध्ये मोंजें नावाच्या फ्रेंच शल्यचिकित्सकाने कॅरिबियन बेटांतील सांतो दोमिंगो येथे आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या एका स्त्रीच्या डोळ्यावरून जाणारा जंत पाहिला आणि तो काढण्याचा प्रयत्न केला, पण जंत निसटून डोळ्याच्या मागे गेला. १८९५ मध्ये एडिंबरा येथील नेत्रतज्ज्ञ डग्लस आर्गाइल रॉबर्टसन यांनी जुन्या कालाबारमध्ये राहून स्कॉटलंडला परतलेल्या एका स्त्रीच्या डोळ्यातील जंताचे आणि तिच्या अंगावरील फिरत्या सुजेचे वर्णन प्रसिद्ध केले. थंड देशातील डॉक्टराने उष्ण देशातील वास्तव्याची चौकशी केली नसती, तर सूज आणि जंत यांचा संबंध त्यांना लागला नसता, आणि आजही या रोगाच्या निदानात यंत्रापेक्षा हीच चौकशी आधी येते.

जंत डोळ्यावर दिसत असताना काय करावे, याचे उत्तर साधे आहे. डोळा चोळू नये. घरातील दुसऱ्या माणसाने चांगल्या उजेडात मोबाइलवर छायाचित्र आणि शक्य तर चित्रफीत घ्यावी, चित्रफितीत वेळ व तारीख राहील असे पाहावे, आणि मग डोळा झाकून तडक नेत्रतज्ज्ञांकडे जावे. अर्ध्या मिनिटाची ही चित्रफीत पुढे निघून गेलेल्या जंताचा पुरावा ठरते आणि अनेक अनावश्यक तपासण्या वाचवते. कांद्याचा रस, मध, एरंडेल, आईचे दूध, तुरटीचे पाणी यांपैकी काहीही डोळ्यात घालू नये. औषधाच्या दुकानातून लाल डोळ्यासाठी सहज मिळणारे स्टेरॉइडचे थेंबही डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय वापरू नयेत, कारण त्यांनी लाली दबते आणि रोग तसाच राहतो. चिमट्याने किंवा सुईने जंत ओढण्याचा प्रयत्न तर कोणीही करू नये. नेत्रतज्ज्ञ डोळा बधिर करून, जंत जेथे दिसतो तेथे पापुद्र्याला बारीक छेद देऊन आणि जंताला चिमट्यात धरून तो अखंड बाहेर काढतात. काढलेला जंत कचऱ्यात न टाकता ७० टक्के अल्कोहोलमध्ये किंवा प्रयोगशाळा सांगेल त्या द्रावणात ठेवून सूक्ष्मजीवशास्त्र विभागाकडे पाठवावा, असा आग्रह रुग्णाने धरावा, कारण जंताची जात ठरल्याशिवाय पुढील औषध ठरवता येत नाही.

एक जंत निघाला म्हणजे रोग गेला, असा समज सर्वत्र आढळतो आणि तो चुकीचा आहे. डोळ्यावर आलेला जंत हा शरीरात फिरणाऱ्या अनेकांपैकी एक असण्याची शक्यता असते, म्हणून शस्त्रक्रियेनंतर रक्ताची तपासणी टाळता येत नाही, आणि येथेच रात्र व दिवस यांचा फरक निर्णायक होतो. रक्त सकाळी १० ते दुपारी २ या वेळात घेतले गेले पाहिजे, त्याच्या लेपात पिल्ले आहेत का एवढेच नव्हे तर एका मिलिलिटरमध्ये ती किती आहेत हे मोजले गेले पाहिजे. हत्तीरोगाच्या झटपट तपासणीची पट्टी या कामी उपयोगी नाही. उलट लोआचा भार मोठा असलेल्या व्यक्तीत ती पट्टी खोटी ‘पॉझिटिव्ह’ येऊ शकते आणि हत्तीरोग नसताना हत्तीरोगाचा शिक्का बसतो. प्रवाशांच्या बाबतीत आणखी एक गुंतागुंत अशी, की जन्मापासून त्या प्रदेशात राहणाऱ्यांच्या तुलनेत त्यांच्या रक्तात पिल्ले कमी किंवा मुळीच नसतात, पण शरीराची प्रतिक्रिया तीव्र असते. त्यामुळे सूज जास्त, खाज जास्त, आणि इओसिनोफिल या पांढऱ्या पेशींचे प्रमाण बरेच वाढलेले असे चित्र दिसते.

या वाढलेल्या इओसिनोफिलवर थोडे थांबले पाहिजे, कारण विदर्भातील दवाखान्यांत हा आकडा नवा नाही. दमा, ऍलर्जी, पोटातील जंत आणि हत्तीरोगाच्याच जंतामुळे होणारा फुप्फुसांचा विकार अशा अनेक कारणांनी तो वाढतो, आणि खोकल्याबरोबर तो वाढलेला दिसला की डायइथिलकार्बामाझीन, म्हणजे डीईसी, हे औषध तीन आठवडे देण्याची पद्धत भारतात रुळलेली आहे. हेट्राझान, बॅनोसाइड ही त्याची नावे अनेक घरांत माहीत आहेत. येथील रुग्णासाठी ही पद्धत समंजसच आहे. परंतु तोच आकडा काँगोहून परतलेल्या माणसाच्या रक्तात दिसला, तर डीईसीची पहिली गोळी देण्याआधी दिवसाचे रक्त तपासणे बंधनकारक मानावे. रक्तात लोआची पिल्ले मोठ्या संख्येने असताना डीईसी किंवा आयव्हरमेक्टिन दिले, तर ती एकदम मरू लागतात, मेंदूतील बारीक रक्तवाहिन्यांत अडथळा व दाह निर्माण होतो, आणि रुग्ण गुंगी, गोंधळ, बेशुद्धी या मार्गाने मृत्यूपर्यंत जाऊ शकतो. आयव्हरमेक्टिन हे औषध खरजेसाठी गावोगाव दिले जाते आणि कोविडच्या काळात ते अनेकांनी आपल्या मनाने घेतले, ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे इशाऱ्याचे महत्त्व कळते.

हा धोका केवळ पुस्तकी नाही. कॅमेरूनमध्ये नदीअंधत्व या दुसऱ्या एका जंतरोगाच्या निर्मूलनासाठी आयव्हरमेक्टिन वाटताना लोआच्या रुग्णांत मेंदूच्या गंभीर विकाराच्या घटना घडल्या आणि काही भागांत वाटप थांबवावे लागले. त्यावर उपाय म्हणून २०१५ मध्ये त्या देशातील ओकोला जिल्ह्यात मोबाइल फोनला जोडलेल्या सूक्ष्मदर्शकाने बोटातील थेंबभर रक्तातील पिल्ले दोन-तीन मिनिटांत मोजण्यात आली, एका मिलिलिटरमध्ये २०,००० हून अधिक पिल्ले असलेल्यांना औषध नाकारण्यात आले आणि बाकीच्यांना देण्यात आले. १६,००० हून अधिक लोकांच्या त्या तपासणीत केवळ सुमारे २ टक्के लोक वगळावे लागले आणि मेंदूच्या विकाराची एकही घटना घडली नाही. २०१७ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. येथे लक्षात घेण्याजोगे आहे ते हे, की बंदी औषधावर नव्हती, तर मोजल्याशिवाय देण्यावर होती.

रोहण्यातील घरासाठी याचा व्यावहारिक अर्थ काढताना तोल सांभाळणे आवश्यक आहे. हत्तीरोगाच्या मोहिमेत, ती कोणत्याही वर्षी व कोणत्याही गावी येवो, डीईसी व अल्बेंडाझोल आणि काही जिल्ह्यांत त्यांच्या जोडीला आयव्हरमेक्टिन दिले जाते. ज्यांनी आफ्रिकेचा तो पट्टा कधी पाहिलेला नाही अशा जवळजवळ सर्व गावकऱ्यांनी या गोळ्या नियमाप्रमाणे घ्याव्यात, कारण हत्तीपाय रोखण्याचा दुसरा तितका स्वस्त मार्ग नाही. मध्य किंवा पश्चिम आफ्रिकेच्या वनप्रदेशात राहून आलेल्या व्यक्तीने मात्र गोळी हातात घेण्यापूर्वी आशा सेविकेला किंवा आरोग्य सेवकाला आपल्या वास्तव्याची माहिती द्यावी, नाव ‘तपासणीनंतर’ अशा नोंदीने राखून ठेवण्यास सांगावे आणि दिवसाच्या रक्ताचा अहवाल आल्यावर डॉक्टर सांगतील तसे करावे. गोळी चुकवण्यासाठी प्रवासाचे कारण पुढे करणारे काही महाभाग निघतील, ही शंका अनाठायी नाही. पण रक्ताचा एक थेंब त्या शंकेचे निरसन करतो.

लोआवरील उपचार पिल्लांच्या संख्येवर बेततात. संख्या कमी असेल तर तज्ज्ञांच्या देखरेखीखाली डीईसीचा सुमारे २१ दिवसांचा क्रम दिला जातो आणि तो कधी पुन्हा द्यावा लागतो. संख्या अधिक असेल तर आधी अल्बेंडाझोल काही आठवडे देऊन ती हळूहळू खाली आणतात. डीईसी सुरू करण्याआधी दुसऱ्याही एका रोगाची शक्यता वगळावी लागते, तो म्हणजे नदीअंधत्व. ऑन्कोसर्का व्हॉल्व्ह्युलस या जंताचा हा रोग वाहत्या, खळाळत्या पाण्यात वाढणाऱ्या बारीक काळ्या माशीच्या चाव्याने होतो आणि त्याचे जवळजवळ सर्व रुग्ण आफ्रिकेत असून थोडे येमेन व लॅटिन अमेरिकेत आहेत. यात प्रौढ जंत डोळ्यात येत नाही. कातडीखालील गाठीत राहून तो १० ते १५ वर्षे पिल्ले सोडत राहतो, ती कातडीत तीव्र खाज निर्माण करतात आणि डोळ्यात शिरून पारदर्शक पटल, म्हणजे स्वच्छमंडल, धूसर करतात आणि डोळ्याच्या आतील भागांनाही इजा पोहोचवतात. अशा रुग्णाला डीईसी दिल्यास पिल्ले एकदम मरून डोळ्यातील दाह वाढू शकतो, म्हणून तेथे आयव्हरमेक्टिन हेच औषध. लोआमध्ये जपून वापरायचे औषध येथे मुख्य ठरते. विल्यम कॅम्पबेल आणि सातोशी ओमुरा यांना २०१५ चे नोबेल पारितोषिक याच औषधाच्या मुळाशी असलेल्या शोधासाठी मिळाले. दोन्ही जंत एकाच प्रदेशात, कधी एकाच माणसात असू शकतात, आणि मग औषधांचा क्रम ठरवणे हे सामान्य दवाखान्याचे काम राहत नाही.

आफ्रिकेऐवजी थायलंड, व्हिएतनाम, जपान किंवा मेक्सिको येथे जाऊन आलेल्यांसाठी संशयाची दिशा माशीकडून ताटाकडे वळते. नॅथोस्टोमा या जंताची अळी गोड्या पाण्यातील कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या माशांतून, बेडकांतून व ईल माशातून पोटात जाते, माणसाच्या शरीरात प्रौढ होत नाही, आणि वाट चुकलेल्या वाटसरूसारखी वर्षानुवर्षे कातडीखालून फिरत राहते; त्यातच ती क्वचित डोळ्याच्या आत शिरते. १८३६ मध्ये रिचर्ड ओवेन यांनी हा जंत प्रथम लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मेलेल्या एका वाघाच्या पोटात पाहिला होता, यावरून त्याचे खरे यजमान कोण हे कळते. लोआच्या उलट हा जंत पांढऱ्या भागावर फारसा रेंगाळत नाही, तर डोळ्याच्या आत दाह, रक्तस्राव आणि दृष्टिपटलावर व्रण करतो, त्यामुळे त्यात दृष्टी जाण्याचा धोका खरा असतो आणि शस्त्रक्रियेने अळी काढणे हाच मुख्य उपाय राहतो. गोगलगायी, न धुतलेला पाला आणि कच्चे जलचर यांतून येणाऱ्या अँजिओस्ट्राँगायलस या जंतामुळे मेंदूच्या आवरणाला दाह होतो आणि क्वचित डोळाही बाधित होतो. परतल्यावर एक ते तीन आठवड्यांत तीव्र डोकेदुखी, मान आखडणे आणि धूसर दिसणे एकत्र आले तर वाट पाहू नये. लिंबू पिळल्याने, तिखट लावल्याने किंवा दारूबरोबर खाल्ल्याने कच्च्या माशातील अळी मरते ही समजूत निराधार आहे. अळी मरते ती मासा पूर्ण शिजवल्याने.

प्रवास न करताही डोळ्यात जंत येऊ शकतो, हे वऱ्हाडातील शेतकऱ्याला समजावून सांगण्याची गरज नाही, कारण घोड्याच्या डोळ्यात वळवळणारा पांढरा जंत त्याने पाहिलेला किंवा ऐकलेला असतो. तो बहुधा गुरांच्या पोटातील सेटारिया असून घोड्यात वाट चुकून आलेला असतो. माणसात भारतात आढळणारे प्रकार वेगळे आहेत. कुत्र्याकडून डासामार्फत येणारा डायरोफायलेरिया रेपेन्स नेत्रश्लेष्मलेखाली एकटाच सापडतो, केरळमध्ये त्याचे रुग्ण विशेष आढळले आहेत, आणि तो काढून टाकला की बहुधा दुसऱ्या उपचाराची गरज पडत नाही, कारण माणसात तो वंश वाढवू शकत नाही. फळांवरील माश्यांच्या जातीतील माशी डोळ्यातील पाणी टिपताना सोडून जाते तो थेलाझिया हिमाचल प्रदेश व आसामसारख्या भागांतून नोंदला गेला आहे. यांपेक्षा अधिक महत्त्वाचा आहे सिस्टिसर्कस, म्हणजे डुकरातील पट्टकृमीची पाण्याने भरलेली अळी, जी पट्टकृमीच्या अंड्यांनी दूषित झालेल्या पाण्यातून व भाजीपाल्यातून शुद्ध शाकाहारी माणसालाही होते. ती डोळा फिरवणाऱ्या स्नायूत असेल तर अल्बेंडाझोल आणि स्टेरॉइड यांनी विरघळते. पण डोळ्याच्या आत असेल तर आधी शस्त्रक्रिया करावी लागते, कारण आतल्या आत मेलेली अळी जिवंत अळीपेक्षा डोळ्याचे अधिक नुकसान करते. म्हणूनच मेंदूतील सिस्टिसर्कससाठी अल्बेंडाझोल सुरू करण्यापूर्वी बाहुली मोठी करून दृष्टिपटल तपासून घ्यावे, असा संकेत आहे आणि रुग्णाने त्याची आठवण करून द्यायला संकोच बाळगू नये.

डोळ्यासमोर काही वळवळते अशी तक्रार घेऊन येणाऱ्या बहुसंख्य लोकांना जंत नसतो, हेही येथेच सांगितले पाहिजे. स्वच्छ आकाशाकडे पाहताना नजरेबरोबर तरंगणारे धागे व ठिपके हे डोळ्यातील जेलीसारख्या द्रवातील कण असतात, ते रुग्णालाच दिसतात आणि समोरच्याला दिसत नाहीत. ऍलर्जीच्या डोळ्यात तयार होणारा चिकट पांढरा धागाही जंतासारखा भासतो, पण तो ओल्या स्वच्छ कापडाने निघतो आणि स्वतःहून हलत नाही. मात्र ठिपके अचानक वाढले, डोळ्यात विजा चमकल्यासारखे वाटले, नजरेवर पडदा आला किंवा डोळा दुखून उजेड सहन होईनासा झाला, तर कारण जंत असो वा दृष्टिपटल सुटणे असो, त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवावे.

रोहण्याहून निघणाऱ्या रुग्णाने प्रथम जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा आर्वीच्या रुग्णालयात जावे, पण तेथून पुढे पाठवण्याचा आग्रह धरावा, कारण या रोगात नेत्रतज्ज्ञ आणि जंतांची प्रयोगशाळा एकाच छताखाली असणे सोयीचे असते. वर्धा जिल्ह्याचे भाग्य असे, की १९६९ मध्ये सुरू झालेली सेवाग्रामची महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था, तिचे कस्तुरबा रुग्णालय आणि तेथील जमनालाल बजाज उष्णकटिबंधीय रोग संशोधन केंद्र यांच्याकडे हत्तीरोगाच्या जंतांवरील दीर्घ संशोधनाची परंपरा आहे. सावंगी (मेघे) येथील वैद्यकीय महाविद्यालय आणि नागपूरची शासकीय महाविद्यालयेही आवाक्यात आहेत. जाताना एका कागदावर देश, त्यातील प्रांत, राहण्याचे महिने, जंगल की शहर, माश्या चावत होत्या का, कच्चे मासे किंवा मांस खाल्ले का, आणि परतल्यापासून कोणत्या जंतनाशक गोळ्या घेतल्या, एवढे लिहून न्यावे. ‘आफ्रिका’ हा एकच शब्द पुरेसा नाही, कारण इथिओपिया आणि गॅबन यांच्यात जंतांच्या दृष्टीने वर्धा आणि लेह यांच्याइतके अंतर आहे.

कुटुंबीयांनी रुग्णाची भांडी, टॉवेल किंवा अंथरूण वेगळे करण्याचे कारण नाही. लोआ किंवा नदीअंधत्व स्पर्शाने, डोळ्यात पाहिल्याने किंवा वर्ध्याच्या डासाने पसरत नाही, कारण त्यांना आपली विशिष्ट माशी लागते आणि लोआची माशी आफ्रिकेच्या त्या वनांपुरतीच आहे. पुढे पुन्हा त्या पट्ट्यात जाणाऱ्याने दिवसा अंगभर फिक्या रंगाचे कपडे, परमेथ्रिन हे कीटकनाशक लावलेला सदरा व पायजमा आणि उघड्या त्वचेवर डीईईटी या कीटकरोधकाचे मलम वापरावे. केवळ रात्रीची मच्छरदाणी येथे कामाची नाही. दीर्घ मुक्कामासाठी डीईसीची साप्ताहिक प्रतिबंधक मात्रा उपलब्ध आहे, परंतु ती आधी लागण झालेली नाही याची खात्री करून डॉक्टरांनीच ठरवावी. उपचार पूर्ण झाल्यावरही काही रुग्णांत काही वर्षांनी जंत पुन्हा दिसतो, म्हणून इओसिनोफिलची तपासणी ठरलेल्या अंतराने होत राहावी, आणि प्रत्येक मागणीपत्रावर ‘रक्त सकाळी १० ते दुपारी २ या वेळात’ ही ओळ लिहिलेली आहे ना, हे रुग्णानेच प्रयोगशाळेच्या खिडकीवर उभे राहून पाहून घ्यावे.